विश्लेषण : जुन्या मोटारीचे छत आतून का लोंबते? किनारपट्टीवर अस्तर घरी बदलता येते का?

मालवण, देवगड, वेंगुर्ले पट्ट्यातल्या काही घरांच्या खळ्यात अजूनही एखादी फियाट, पद्मिनी किंवा काँटेसा उभी दिसते. कधीकाळी चाकरमान्याबरोबर मुंबईहून आलेली आणि मग गावचीच झालेली. बॅटरी लावली की इंजिन सुरू होते, टायर बदलले की गाडी चालते. पण दार उघडून आत बसले की छताचे कापड डोक्याला लागते आणि कुबट वास येतो. कापड जुने झाले, सोल्युशन लावून चिकटवले की काम झाले, असे बहुतेक मालकांना वाटते. प्रत्यक्षात लोंबणारे अस्तर ही अनेकदा टपाच्या पत्र्यात सुरू झालेल्या बिघाडाची पहिली खूण असते. ते काढून नवे बसवण्याचे बरेचसे काम घरी करता येते. मात्र समुद्रकाठी त्याचे वेळापत्रक हवामान ठरवते.

छताला अस्तर लागतेच कशाला?

गाडीचा टप म्हणजे एक मिलिमीटरपेक्षाही पातळ पत्रा. तो उन्हात तापतो, पावसात ढोलासारखा वाजतो आणि थंड रात्री आतून घामेजतो. अस्तर उष्णता आणि आवाज काही प्रमाणात अडवते. अस्तर आणि पत्रा यांच्यामध्ये हवेची पोकळी किंवा नमद्याचा थर असतो, खरे काम तो करतो. छतातल्या दिव्याची तार, सन वायझरचे स्क्रू, खांबांमधली पोकळी हे सगळे अस्तरामुळे झाकले जाते.

या झाकण्यातच मेख आहे. गाडीचा तळ, दारे, बॉनेट यांना लागलेला गंज दिसतो. टपाला आतून लागलेला गंज मात्र रंगाला फोड येईपर्यंत कोणाला कळत नाही. फोड दिसतो तेव्हा पत्रा बहुधा आतून खाल्लेला असतो.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे मात्र छताचे अस्तर ही लोकांनी मान वर करून पाहण्याची गोष्ट झाली होती. रंगीबेरंगी नक्षीचे रेक्झिन लावण्याची टॅक्सीवाल्यांची हौस जुनीच. २०१५ मध्ये ‘टॅक्सी फॅब्रिक’ या उपक्रमातून तरुण डिझायनरांनी टॅक्सींची आसने आणि छते आपल्या चित्रांच्या कापडाने मढवली. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मर्यादा संपल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. आता पद्मिनी उरली ती खासगी मालकांकडेच.

अस्तराचे प्रकार किती?

मुख्यतः दोन. पहिला प्रकार तारेच्या कमानींवर ताणलेल्या अस्तराचा. फियाट-पद्मिनीच्या काळातल्या गाड्यांत तो सर्रास असे. कापडाच्या किंवा रेक्झिनच्या उलट्या बाजूला आडवे नेफे शिवलेले असतात. परकराच्या नेफ्यातून नाडी जावी तशी त्यांतून स्प्रिंगच्या पोलादाची तार जाते. तारेची दोन्ही टोके टपाच्या बाजूच्या पट्टीतल्या भोकांत अडकतात. कापडाच्या कडा काचेच्या रबराखाली आणि दाराच्या बीडिंगखाली चिकटवून किंवा क्लिपने दाबून बसवलेल्या असतात. मधल्या भागात अस्तर पत्र्याला कुठेच चिकटलेले नसते. त्यामुळे असे अस्तर लोंबले, तर ‘सोल्युशन सुटले’ हे निदान बहुतेक वेळा चुकते. नेफ्याचा धागा कुजलेला असतो, तारेचे टोक गंजून भोकातून निसटलेले असते किंवा कडेची पकड सुटलेली असते.

दुसरा प्रकार साच्यातून काढलेल्या पुठ्ठ्याचा. नंतरच्या बहुतेक गाड्यांत तोच आढळतो. दाबलेल्या तंतूंच्या कडक पुठ्ठ्यावर पातळ फोम आणि त्यावर कापड. कापड लोंबते कारण मधल्या फोमची पूड होते. बोट लावले की पिवळी भुकटी खाली पडते. अशा ठिकाणी कापडामागे कितीही सोल्युशन मारले, तरी ते भुकटीलाच चिकटते आणि काही दिवसांत पुन्हा सुटते. टाचण्या आणि स्टेपल मारून कापड वर धरणे हाही तात्पुरताच इलाज.

किनारपट्टीवर अस्तर लवकर का जाते?

तीन कारणे एकमेकांत मिसळलेली आहेत. पहिले मीठ. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटते, तेच गाडीत घडते. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी शोषून विरघळू लागते. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेले मिठाचे बारीक कण टपाच्या पन्हळीत, काचेच्या रबराखाली, खांबांच्या पोकळीत साचतात. पाऊस नसतानाही तिथे खारट ओल टिकते आणि पत्रा गंजत राहतो. त्या काळच्या गाड्यांच्या पत्र्याला आजच्यासारखे जस्ताचे संरक्षणही नसे.

दुसरे कारण दव. निरभ्र रात्री टपाचा पत्रा भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतो. आतली दमट हवा त्याला लागून पाण्याचे थेंब तयार होतात. वर नमदा किंवा तागाचा थर असेल तर तो हे पाणी पिऊन बसतो आणि ओल्या फडक्यासारखा पत्र्याला चिकटून राहतो. गाडीवर प्लास्टिकचा कागद घट्ट बांधला की ही ओल बाहेर पडतच नाही. पावसापासून वाचवण्यासाठी केलेला उपायच अनेकदा गाडी कुजवतो.

तिसरे कारण फोम आणि चिकटद्रव्य. गाड्यांत वापरला जाणारा पॉलियुरेथेन फोम दोन जातींचा असतो. पॉलिएस्टर जातीच्या फोमचे रेणू ओल आणि उष्णतेने तुटतात, पॉलिएथर जातीचा फोम ओलाव्याला जास्त टिकतो. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. इथे फोम विकत घेताना जाडीइतकाच जातीचा प्रश्न विचारायला हवा.

स्पोर्ट्स कारचे छत वेगळे असते का?

तत्त्व तेच, अडचण जास्त. दोन दारांच्या कूपे गाडीचा टप बसका असतो आणि मागे तो उतरत्या काचेत मिसळतो. त्यामुळे अस्तर मागच्या खांबांवरून खाली वळवावे लागते आणि चुण्या पडण्याची खरी जागा तीच. डोके छताच्या जवळ असल्याने अर्ध्या इंचाचा झोलही जाणवतो. जगभर संग्राह्य मानल्या जाणाऱ्या जुन्या पोर्शे ९११ मध्येही बारीक भोकांचे विनाइल तारेच्या कमानींवरच ताणलेले असते. म्हणजे पद्मिनीच्या छतावर बसलेला हात तिथेही उपयोगी पडतो.

सिंधुदुर्गच्या शेजारी, गोव्यातल्या वेर्णा इथे नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन आसनी स्पोर्ट्स कार तयार होऊ लागली. तिची बॉडी फायबरग्लासची. त्यामुळे टप गंजण्याचा प्रश्न नाही. पण चिकटद्रव्य आणि फोमचे दुखणे तिथेही असते. कापडी हूड असेल तर शिवणी, घड्यांच्या जागा आणि आतली लोखंडी चौकट तपासावी लागते.

स्वतः करण्यात फायदा काय?

पैसे वाचतात, पण तो दुय्यम फायदा. मोठा फायदा असा की टप आतून पाहायला मिळतो. अस्तर बदलणे ही गाडीच्या आयुष्यात वीस-पंचवीस वर्षांतून एकदा येणारी वेळ असते. घाईच्या कामात जुने काढून त्याच दिवशी नवे चढवले जाते आणि मधला गंज पुन्हा झाकला जातो. मालक स्वतः काम करत असेल तर पत्रा घासून, प्रायमर मारून, पूर्ण वाळेपर्यंत थांबायची मुभा असते.

हे थांबणे महत्त्वाचे आहे, कारण नवा टप मिळत नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ काढली. तिलाच पुढे १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. इंजिनाचे सुटे भाग जुन्या बाजारात अजून सापडतात. सडलेल्या टपाला मात्र दुसऱ्या गाडीचा टप कापून लावण्याखेरीज मार्ग उरत नाही.

काम कोणत्या महिन्यात करावे?

डिसेंबर ते फेब्रुवारी. रबर जातीचे सोल्युशन कापड आणि पत्रा अशा दोन्ही बाजूंना लावतात. त्यातला द्रावक उडून गेला की दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर दाबतात. द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो. हवा दमट असेल तर त्या गार थरावर बाष्प बसते आणि सोल्युशन पांढरट दिसू लागते. असा सांधा वरून पक्का वाटतो, पण एप्रिलच्या उन्हात सुटतो. जून ते सप्टेंबर या काळात चिकटवलेले अस्तर पुढच्या उन्हाळ्यात खाली येते, ते बहुधा याच कारणाने.

दिवसातली वेळही निवडावी लागते. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो कोरडा असतो. दुपारनंतर समुद्रावरचा खारा वारा ओलावा आणि मीठ घेऊन येतो. त्यामुळे दव पूर्ण उडाल्यावर, म्हणजे साधारण दहा वाजल्यापासून खारा वारा जोर धरेपर्यंतचे दोन-तीन तास चिकटवण्यासाठी उत्तम. दुपारी कापणे, मापे घेणे, शिवलेले तपासणे अशी कोरडी कामे करावीत.

साहित्य निवडताना काय पाहावे?

मूळ गाडीत रेक्झिन असेल तर रेक्झिन, कापड असेल तर कापड हा सोपा नियम. रेक्झिनची मागची बाजू सुती असेल तर तिला बुरशी धरते, म्हणून पॉलिएस्टर पाठीचे मागावे. रेक्झिनचा पन्हा साधारण ५४ इंच असतो. एखाद्या जुन्या मोटारीचा टप रुंदीला या पन्ह्यात बसतो का, हे कडेच्या दाबासाठी दोन्हीकडे तीन-चार इंच धरून आधी मोजावे. बसत नसेल तर मधोमध जोड देण्याऐवजी दोन्ही कडांना सारखे जोड द्यावेत. शिवण्यासाठी नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा धागा वापरावा. सुती धागा ओलीने कुजतो आणि नेफा उसवतो.

सुतारकामाचा पांढरा गोंद इथे चालत नाही, तो ओलाव्याने मऊ पडतो. कुशनवाले वापरतात ते रबर जातीचे सोल्युशन हवे, आणि तेही उष्णता सहन करणारे. गडद रंगाचा टप मे महिन्याच्या उन्हात ७० अंश सेल्सिअसच्या घरात तापू शकतो. साधे सोल्युशन त्या तापमानाला ढिले पडते. पडद्याचे किंवा साडीचे कापड स्वस्तात मिळते आणि दिसतेही छान, पण ते भराभर जळते. गाडीच्या आतील साहित्य किती वेगाने जळते हे तपासण्यासाठी ‘आयएस १५०६१’ हे भारतीय मानक आहे. गाडीसाठीच बनवलेले कापड मागण्याचे कारण हेच.

उतरवताना कोणती काळजी घ्यावी?

आधी बॅटरीची तार सोडावी, कारण छतातल्या दिव्याची वायर अस्तरातून जाते. आसने बाहेर काढली तर पाठ वाचते आणि सोल्युशनचे डाग पडत नाहीत. मग सन वायझर, आरसा, दिवा, हँडल, दाराचे बीडिंग हा क्रम. प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या पिशवीत ठेवून वर नाव लिहावे. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढावा. पंधरा दिवसांनी हेच फोटो मार्गदर्शक ठरतात.

कमानींच्या अस्तराच्या पुढच्या आणि मागच्या कडा काचेच्या रबराखाली असतात. काही गाड्यांत रबराची ओठ उचलून काम भागते, काहींत काच काढावीच लागते. जुने रबर कडक झाले असेल तर ते कापून काढावे आणि नवे घालावे. रबर वाचवण्याच्या नादात काच फुटते, आणि जुन्या गाडीची काच रबराइतकी सहज मिळत नाही.

सर्वांत महत्त्वाचे कमानींचे क्रमांक. वरवर सारख्या दिसल्या तरी प्रत्येक कमानीचा बाक वेगळा असतो. पुढची पहिली, दुसरी असे आकडे आणि डावी-उजवी बाजू चिकटपट्टीवर लिहून लगेच लावावी. टोक ज्या भोकात होते तेही नोंदवावे, कारण एका कमानीसाठी कधी कधी दोन-तीन भोके असतात. कमानी अदलाबदल झाल्या तर अस्तर कितीही ताणले तरी झोल जात नाही.

जुने अस्तर फाडून फेकू नये. तेच नव्याचे माप आहे. नमदा काढताना मास्क आणि चष्मा लावावा. त्यात धूळ, बुरशी आणि बहुधा उंदराचे घरटे असते.

पत्र्यावर काय करावे?

दिवसाउजेडी, टॉर्च घेऊन संपूर्ण टप पाहावा. पन्हळीची आतली बाजू, काचेची चौकट आणि मागच्या खांबांचा तळ इथे गंज आधी लागतो. पूर्वी कोणी पुट्टी भरली असेल तर कापडात गुंडाळलेले चुंबक तिथे चिकटत नाही. एकाने बाहेरून पन्हळीत पाणी ओतावे, दुसऱ्याने आत बसून पाहावे. गळती कुठून येते हे अस्तर नसतानाच कळते.

वरवरचा गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासून काढावा. खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे गंजरोधक लावले की त्याचा निष्क्रिय थर बनतो. उरलेले आम्ल कंपनीच्या सूचनेप्रमाणे पुसून, पत्रा कोरडा करून मग एपॉक्सी प्रायमर मारावा. घासलेला पत्रा रात्रभर उघडा ठेवू नये. मालवणात सकाळपर्यंत त्यावर तांबूस छटा येते. जेवढे घासाल तेवढ्याला त्याच दिवशी प्रायमर, हा नियम पाळावा. पन्हळीच्या सांध्यात सीलंट भरावे.

पत्र्याला जाळी पडली असेल तर वेल्डिंग याच टप्प्यावर. अस्तर चढल्यावर वेल्डिंगची ठिणगी म्हणजे आग. पातळ पत्रा गॅस वेल्डिंगच्या उष्णतेने वाकतो, म्हणून मिग वेल्डिंग करणारा कारागीर शोधावा.

नमद्याच्या जागी पाणी न शोषणारा, बंद पेशींचा फोम लावावा. घराच्या गच्चीवर लावतात तो डांबराचा पत्रा वापरू नये. तो उन्हात पाघळतो आणि गाडीला वास येतो. थराची जाडी कमानींना अडणार नाही इतकीच ठेवावी.

नवे अस्तर कसे चढवायचे?

टपाची मध्यरेषा पुढे आणि मागे पेन्सिलीने आखावी. नव्या अस्तराचीही मध्यरेषा उलट्या बाजूला खडूने काढावी. या दोन रेषा शेवटपर्यंत एकमेकींवर राहिल्या, तर निम्मे काम साधले. अस्तर तासभर उन्हात पसरून ठेवावे. रेक्झिन कोमट झाले की लवचीक होते आणि घड्या मोडतात.

गंज काढून रंगवलेल्या कमानी नेफ्यांत ओवाव्यात. बहुतेक गाड्यांत मागच्या कमानीपासून सुरुवात करून पुढे यावे लागते. टोके भोकांत बसवून कमान उभी केली की अस्तर आपोआप वर उचलले जाते. कमानीच्या टोकाशी नेफा थोडा थोडा कापून मोकळा करावा लागतो. एकदम जास्त कापला तर तिथे पोत सुटते.

लगेच सोल्युशन लावायचे नाही. आधी पुढची आणि मागची कड कपड्यांच्या चिमट्यांनी धरून लांबीतला ताण बसवावा. मग दोन्ही बाजू, मधल्या खांबापासून टोकांकडे, डावीकडे एक चिमटा तर उजवीकडे एक. चुणी दिसली की तिच्या रेषेत ओढावे. चुणीची दिशाच कुठून ओढायचे ते सांगते. सगळे सपाट झाल्यावर एका वेळी हातभर कड सोडून दोन्ही बाजूंना सोल्युशन लावावे, बोटाला चिकटणार नाही इतके सुकू द्यावे आणि दाबावे. हे सोल्युशन एकदा चिकटले की सरकवता येत नाही.

कोपऱ्यांत कापडाला छोट्या चिरा द्याव्या लागतात. त्या बीडिंगखाली लपतील एवढ्याच असाव्यात. कडेचे जास्तीचे कापड दोन दिवस तसेच ठेवून मग छाटावे. तोवर अस्तर सैल पडले तर पुन्हा ओढायला पकड राहते. उरलेल्या बारीक चुण्या कापडावर वाफेने, रेक्झिनवर हेअर ड्रायरच्या कोमट हवेने जातात. दिवा आणि वायझरची भोके सुईने चाचपून शोधावीत आणि मगच कापावीत.

सोल्युशनची वाफ ज्वलनशील असते आणि डोके चढवते. चारही दारे उघडी, जवळ बिडी-सिगारेट किंवा चूल नाही, आणि कामाला दोन माणसे हवीत.

पुठ्ठ्याचे अस्तर असेल तर?

ते तुलनेने सोपे. पुठ्ठा मागच्या दारातून किंवा पुढच्या प्रवाशाच्या दारातून न वाकवता बाहेर काढावा. वाकला की कायमची घडी पडते. जुने कापड ओढून काढल्यावर उरलेली फोमची भुकटी मऊ ब्रशने पूर्ण झाडावी. इथे आळस केला तर पुढचे सगळे वाया जाते. पुठ्ठा ओलीने फुगला असेल तर सावलीत सपाट ठेवून आधी वाळवावा. मग पाठीला फोम असलेले नवे कापड मधोमध ठेवून, अर्धा भाग दुमडून, सोल्युशन लावून मध्यापासून कडांकडे हाताने बसवत जावे. खोलगट जागी कापड आधी खोलात दाबावे. ते ताणून पूल केला तर उन्हात तिथेच सुटते.

कोणते काम कारागिराकडे द्यावे?

नेफ्यांची शिवण. घरगुती शिलाई मशीनला रेक्झिनचे चार पदर झेपत नाहीत आणि नेफा बोटभर सरकला तरी कमान चुकीच्या जागी येते. कुडाळ, कणकवली, सावंतवाडीच्या बाजारात रिक्षांचे हूड आणि आसने शिवणारे कुशनवाले आहेत. त्यांना जुने अस्तर उसवून नमुना म्हणून द्यावे आणि ‘अगदी असेच, एवढ्याच मापाचे’ एवढे सांगावे. काच काढणे-बसवणे आणि वेल्डिंग हीही जाणकाराची कामे. उरलेले उतरवणे, घासणे, रंगवणे, ताणणे आणि चिकटवणे घरच्या घरी, दोन-तीन शनिवार-रविवारांत होऊ शकते.

आरटीओची परवानगी लागते का?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा रोख नोंदणी पुस्तकातल्या तपशिलांशी विसंगत ठरणाऱ्या बदलांवर आहे. आतले अस्तर त्या तपशिलांत येत नाही. टप कापून सनरूफ बसवणे ही वेगळी गोष्ट झाली.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या मालकांनी मात्र जास्त जपावे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली दुचाकी आणि चारचाकी वाहने ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतात. अट अशी की वाहन मूळ रूपात असावे आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे आणि पुनर्नोंदणीचे शुल्क पाच हजार रुपये. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. ती प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. डिलाइटच्या सुरुवातीच्या गाड्या केव्हाच या वयात पोहोचल्या आहेत. त्यांच्या टपाचा मूळ पत्रा वाचवणे म्हणजे गाडीची ओळख वाचवणे.

पुढच्या पावसाळ्यात काय करावे?

गाडीवर प्लास्टिकचा कागद थेट टाकू नये. वर पत्र्याची किंवा झापांची शाकारणी आणि चारही बाजूंनी वारा, ही सोय बरी. आच्छादन हवेच असेल तर हवा खेळणाऱ्या कापडाचे घ्यावे. पन्हळीत साचलेला पाला दर आठवड्याला काढावा. उघडीप मिळाली की काचा खाली करून गाडी तास-दोन तास वाऱ्याला लावावी. पावसाळा संपला की टप आणि पन्हळ गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढावे. काचेच्या रबराखालून पाणी झिरपल्याचा डाग अस्तरावर दिसला, तर तो पुसण्याआधी वरची गळती शोधावी. डाग साफ होतो, पण गळती राहिली तर पुढच्या दसऱ्यापर्यंत अस्तर पुन्हा उतरवावे लागते.